एक पान अर्ज: नाचणाऱ्याने स्वतःविषयी काय लिहावं?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अगं, तू नृत्यावर लिहिणारी. नाच सोडून अर्जावर काय बोलतेस? ते काम टायपिंगच्या क्लासवाल्यांचं." (हशा) त्याचं अगदीच चुकलं नाही. नृत्यकंपनीच्या ऑडिशनसाठी लिहायचं पत्र, म्हणजे बायोडेटाबरोबर जोडतात ते एक पान, याला कुणी साहित्य म्हणत नाही. ते छापलं जात नाही, त्याचं परीक्षण येत नाही. एक-दोन माणसं वाचतात आणि मग ते कुठल्यातरी इनबॉक्सच्या तळाशी जातं. पण नाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाचाविषयी स्वतः लिहिलेला मजकूर बहुतेकदा तेवढाच असतो. आम्ही समीक्षक प्रयोग झाल्यावर लिहितो. हे पान प्रयोगाच्या आधीचं आहे, आणि ते फसलं तर पुढचा प्रयोग होतच नाही. म्हणून मला वाटतं, आपण त्याच्याकडे एकदा समीक्षेच्या नजरेने बघायला हरकत नाही.

सगळेच श्रोते या क्षेत्रातले नाहीत, म्हणून आधी पद्धत सांगते. युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या समकालीन नृत्यकंपनीत जागा निघाली की साधारण चार गोष्टी मागवतात. बायोडेटा, फोटो, काही मिनिटांच्या व्हिडिओची लिंक आणि एक पानाचं पत्र. काही ऑडिशन खुल्या असतात. सकाळी रांगेत उभं राहायचं, छातीवर नंबर लावायचा आणि आत जायचं. पण पुष्कळ ठिकाणी आधी कागद बघतात आणि मोजक्यांनाच बोलावतात. तिथेही सरळ 'नाचून दाखवा' असं नसतं. आधी एक क्लास होतो, त्यातच काही जण गळतात. मग कंपनीच्या एखाद्या कामातला तुकडा शिकवतात, पुन्हा गळती. मग स्वतःचं काही करायला सांगतात. शेवटी चार-पाच जण उरले की बोलणं. म्हणजे बघा, शरीर त्या खोलीत पोचायच्या आधी शब्द पोचतात. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून अर्ज करणाऱ्याला व्हिसा, तिकीट, तिथे राहण्याचा खर्च हे सगळं त्या एका पानानंतरच्या उत्तरावर ठरवायचं असतं. तेव्हा हे पान हलकं नाही.

आता मी एक पत्र वाचते. हे कुणा एकाचं नाही. 'जरा नजर टाकाल का' म्हणून माझ्याकडे जी पत्रं येतात, त्यांतली पुन्हापुन्हा भेटणारी वाक्यं मी एकत्र बांधली आहेत. मूळ इंग्रजीत असतात, मी मराठीत सांगते.

"मी वयाच्या चौथ्या वर्षापासून नृत्य शिकत आहे. नृत्य हा माझा श्वास आहे. आपल्या जगप्रसिद्ध कंपनीबरोबर काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. मी मेहनती, शिस्तप्रिय आणि अष्टपैलू आहे. मला संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन."

(हशा) हसू नका, आपल्यापैकी बहुतेकांनी असलं काहीतरी लिहिलेलं आहे. मीही लिहिलंय. यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच पंचाईत आहे. ती मुलगी खरंच चौथ्या वर्षी क्लासला गेली होती. ती खरंच मेहनती आहे. पण वाचणाऱ्याने या वाक्यांचं करायचं काय? चौथ्या वर्षापासून शिकत नाही असा अर्जदार त्या ढिगात क्वचितच. नृत्य हा श्वास नसलेला तर एकही नाही. ही वाक्यं या पत्रातून उचलून शेजारच्या पत्रात ठेवली तर दोन्ही पत्रांत काही बदलणार नाही. समीक्षेत आपण एक साधी कसोटी लावतो. परीक्षणातलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही नाटकाला तसंच्या तसं चालत असेल, तर ते या नाटकाविषयी काही सांगत नाही. तीच कसोटी इथे लावा. पाचपैकी पाच वाक्यं नापास.

हे येतं कुठून? मला दोन झरे दिसतात.

पहिला झरा आपल्या शाळेतला. मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न असायचा. त्यात विनंती अर्ज. 'महोदय' म्हणून सुरुवात, मध्ये 'आपल्या नामांकित संस्थेत', शेवटी 'आपला आज्ञाधारक' किंवा 'आपली कृपाभिलाषी'. या साच्यात अर्जदार खाली उभा असतो आणि वाचणारा वर बसलेला असतो. लिहिणाऱ्याने स्वतःविषयी जेवढं कमी सांगावं तेवढं सभ्य. अर्ज या शब्दातच आर्जव ऐकू येतं आपल्याला.

दुसरा झरा इंटरनेटवरच्या तयार इंग्रजी नमुन्यांचा. त्यात अगदी उलट. तिथे अर्जदार दुकानदार असतो. 'मी डायनॅमिक आहे, पॅशनेट आहे, व्हर्सटाइल आहे.' माल उत्तम, भाव वाजवी. (हशा) आपली मुलं या दोन साच्यांची मोट बांधतात. वरच्या परिच्छेदात कृपाभिलाषी आणि खालच्या परिच्छेदात डायनॅमिक. आणि नाचणारं माणूस या दोन्हींच्या फटीत हरवून जातं.

शास्त्रीय नृत्य शिकलेल्यांच्या बाबतीत तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे गुरू. आपल्याकडे नर्तकाची ओळख गुरूच्या नावापासून सुरू होते आणि ते योग्यच आहे. पुण्यात एखादी मुलगी म्हणाली, मी रोहिणीताईंच्या परंपरेत शिकले, तर ऐकणाऱ्याला पुष्कळ काही कळतं. रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तिथून कथकच्या कितीतरी पिढ्या बाहेर पडल्या. त्या एका नावात लयीचा विचार, साहित्याची जाण, अभिनयातला संयम असं सगळं आलं. पण हे कळतं ते आपल्याला. बेल्जियममध्ये बसून पत्र वाचणाऱ्या बाईंना ते नाव म्हणजे नुसतं नाव. म्हणून नाव वगळा असं मी म्हणत नाही. नाव ठेवा आणि त्या नावाने तुमच्या शरीरात काय घडवलं ते एका ओळीत सांगा. "सोळा मात्रांच्या आवर्तनात कुठूनही उठून तिहाई समेवर आणायची मला सवय आहे, त्यामुळे अवघड मोजणीचा तुकडा मी लवकर उचलते." हे वाक्य बेल्जियममध्येही कळतं. गुरूचा मान त्यात कमी होत नाही, उलट गुरूने काय दिलं ते दिसतं.

आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडे पेशा म्हणून नाचणाऱ्या माणसाला स्वतःविषयी लिहायची वेळच फारशी येत नसे. तमाशाचं बघा. नारायणगावला जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक तिथे येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. फडातला कलावंत कामाला लागतो तो ओळखीने, शब्दावर, उचल घेऊन. पत्रबित्र काही नाही. तिथे ओळख लिहिलेली असते ती फलकावर, तीही फडमालकाच्या नावाने. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ.' त्या नावाखाली राबणारी बाकीची माणसं फलकावर नसतात. म्हणजे या परंपरेतून आलेल्या मुलीला 'मी कोण' हे लिहायला बसवणं म्हणजे तिला आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करायला लावणं आहे. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आता जरा रंगमंचाकडे जाऊ. कारण 'नर्तका, तू कोण आहेस ते सांग' हा प्रश्न रंगमंचावरच्या काही कामांनी फार नेमका हाताळलाय. तीन कामं घेते.

पहिलं, 'अ कोरस लाइन'. 1975 सालचं अमेरिकन संगीतक. त्याची गोष्ट म्हणजे एक ऑडिशन. मायकल बेनेटने 1974 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या नर्तकांना रात्री एकत्र बसवलं आणि त्यांची बोलणी टेप केली. लहानपण, घर, पहिला क्लास, शरीराची लाज, दुखापती. त्यातून हे नाटक उभं राहिलं. गोष्टीत सतरा जण रेषेवर उभे आहेत आणि जागा आहेत आठ. दिग्दर्शक प्रेक्षागृहाच्या अंधारातून म्हणतो, कागदावर काय आहे ते मला नको, तुमच्याविषयी सांगा. आणि ते सांगतात. प्रत्येकाचं वेगळं. पॉल नावाचा मुलगा तर असं काही सांगतो की तोवर हुकूम सोडणारा दिग्दर्शक अंधारातून उठून त्याच्याजवळ येतो.

पण शेवट काय होतो? शेवटच्या गाण्यात ही सगळी माणसं एकसारखे सोनेरी पोशाख आणि एकसारख्या टोप्या घालून एका ओळीत नाचतात. तुम्ही दोन तास ज्यांना ओळखायला शिकलात, त्यांतला कोण कुठला आता कळत नाही. टाळ्या कडाडतात आणि त्या टाळ्यांत थोडं पोटात कालवतं. कारण नोकरी होती ती एकसारखं दिसण्याची, आणि तिच्यासाठी मागितलं गेलं वेगळेपण. आजच्या कव्हर लेटरमध्ये हाच पेच आहे. 'तुमची गोष्ट सांगा' म्हणतात, आणि हवं असतं ते तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरं उभं राहणारं माणूस.

आणखी एक तपशील. ज्या नर्तकांनी टेपवर आपली आयुष्यं सांगितली, त्यांनी सुरुवातीला एकेका डॉलरला आपल्या गोष्टींचे हक्क सही करून दिले होते. नाटक 1990 पर्यंत चाललं, ब्रॉडवेवर 6,137 प्रयोग झाले. पुढे मिळकतीतला वाटा त्यांना मिळायची व्यवस्था झाली, पण पहिली सही एका डॉलरची. हे मी का सांगते? आपल्या मुलांना आजकाल सल्ला मिळतो, 'पत्रात संघर्ष लिहा, संघर्ष विकतो.' वडील वारले, घर गळत होतं, तरी मी नाचले. हे खरं असेल तर ते मोलाचं आहे. आणि मोलाचं आहे म्हणूनच ते कुणापुढे, कशासाठी ठेवायचं याचा विचार करा. दुःख हे पात्रतेचं प्रमाणपत्र नव्हे. ते तुमच्या नाचात काही करत असेल तर लिहा, नाहीतर ते तुमच्यापाशी राहू दे.

दुसरं काम, पिना बाउशचं 'कॉन्टाक्टहोफ', 1978, वुपर्टाल. सुरुवातीलाच नर्तक एकेक करून प्रेक्षकांसमोर येतात आणि स्वतःला दाखवतात. समोरून, पाठमोरं, बाजूने. हात पुढे करतात. दात दाखवतात. तुम्हाला क्षणभर गुरांच्या बाजाराची आठवण होते. आपल्याकडे बैल घेताना दात बघतात ना, तसं. आणि लगेच दुसरी आठवण होते ती मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची. 'जरा चालून दाखव.' बाउशने ऑडिशन, बाजार आणि लग्नाचा बाजार एका हालचालीत आणून ठेवले. पुढे हेच काम 2000 मध्ये पासष्टीच्या पुढच्या माणसांकडून आणि 2008 मध्ये कुमारवयीन मुलांकडून बसवलं गेलं. हालचाली त्याच. पण पासष्टीची बाई दात दाखवते तेव्हा अर्थ किती बदलतो बघा! तिला विकायचं काही नसतं. ती नुसतं म्हणते, ही मी.

तिसरं काम माझं सर्वांत आवडतं. पॅरिस ऑपेराच्या जुन्या गार्निए रंगमंचावर 2004 मध्ये जेरोम बेल या नृत्यरचनाकाराने एक काम केलं. नाव 'वेरोनिक द्वानो'. हे तिथल्या एका नर्तकीचंच नाव. त्या प्रचंड रिकाम्या रंगमंचावर ती सरावाच्या कपड्यांत एकटी येते, कानाला छोटा माइक, हातात पाण्याची बाटली. आणि बोलू लागते. मी बेचाळीस वर्षांची आहे, निवृत्त होते आहे. तिथे नर्तकांचं निवृत्तीचं वय बेचाळीस. मला मुलं आहेत. माझा पगार इतका. माझी श्रेणी 'सुजे', म्हणजे पाच पायऱ्यांतली मधली. मी सर्वांत वरच्या पायरीवर कधी पोचले नाही. हे ती रडत सांगत नाही, मिरवतही नाही. बँकेत खातं उघडताना माहिती द्यावी तसं सांगते.

मग ती सांगते, 'स्वान लेक'मध्ये एक जागा अशी आहे की मुख्य जोडी नाचत असते आणि आम्ही बत्तीस जणी बाजूला स्थिर उभ्या असतो. आम्ही तिथे सजावट असतो. ते मला सहन होत नसे. आणि ती म्हणते, मी दाखवते. संगीत सुरू होतं. आणि ती फक्त आपल्या वाट्याचं करते. म्हणजे उभी राहते. चायकोव्स्कीचं ते सगळं वाहणारं संगीत आणि समोर एक बाई, हात एका स्थितीत धरून, उभी. मग दोन पावलं, दुसरी स्थिती, पुन्हा उभी. मी हे चित्रमुद्रण पाहिलं तेव्हा मला लाज वाटली. इतकी वर्षं मी 'स्वान लेक' बघत होते आणि त्या बत्तीस जणींकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मी आमच्या मुलांना सांगते, कव्हर लेटर लिहायला बसण्याआधी हे बघा. मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं कव्हर लेटर आहे. फक्त ते नोकरीच्या शेवटी लिहिलंय. (हशा) त्यात एकही विशेषण नाही. वय, श्रेणी, काय आवडतं, काय सहन होत नाही, आणि 'दाखवते'. बस.

आता मी ज्याच्याकडे परत येणार म्हटलं होतं, तिकडे येते.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. भरतनाट्यम शिकलेली, नंतर समकालीन नृत्याकडे वळलेली. युरोपातल्या एका कंपनीत अर्ज करायचा होता. पत्राचा पहिला खर्डा तिने मराठीत लिहून आणला. तिच्या क्लासची फी भरण्यासाठी ती पाच वर्षं गणपतीच्या दिवसांत लावणीच्या स्टेज शोमध्ये नाचली होती. ते तिने लिहिलं होतं. आणि एक वाक्य असं होतं: "आमची स्टेजं लोखंडी ड्रमांवर फळ्या टाकून केलेली असत. पायात चाळ बांधून पहिली चक्कर मारली की स्टेज कुठे पोकळ आहे ते मला पायाला कळतं, आणि पुढचा सगळा नाच मी त्याप्रमाणे बदलते."

मी ते वाचलं. आणि त्यावर काट मारली.

का मारली? मी स्वतःला तेव्हा सांगितलं की पत्र एक पानाचं हवं, जागा कमी आहे. खरं कारण ते नव्हतं. मला वाटलं, लावणीचे स्टेज शो, गणपतीचे मांडव, हे वाचून तिकडचे लोक तिला कमी समजतील. तिकडच्या लोकांना तर यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं. कमी समजणारी मी होते. वर्षानुवर्षं मी लेखांमधून लिहीत आले की लावणीकडे कला म्हणून बघा, आणि माझ्या समोर एका मुलीने तिच्याकडे ज्ञान म्हणून बघितलं तेव्हा मी लाल पेन उचललं. त्या जागी मी इंग्रजीत लिहिलं: "भारतीय शास्त्रीय आणि लोकनृत्यशैलींचे सखोल प्रशिक्षण." सखोल! (थोडा वेळ शांतता)

ठराविक नकार आला. 'यंदा अर्ज फार आले होते, शुभेच्छा.' माझ्या त्या काटेमुळे नकार आला असं मी म्हणत नाही. हजार कारणं असतात. पण ते पत्र तिचं नव्हतं, हे नक्की.

दोन वर्षांनी तिने दुसरीकडे अर्ज केला. या वेळी मला दाखवला नाही. शहाणी मुलगी. (हशा) ते वाक्य तिने साध्या इंग्रजीत जसंच्या तसं घातलं. तिला ऑडिशनला बोलावलं. ती गेली, दुसऱ्या फेरीपर्यंत टिकली आणि मग गळली. निवड झाली नाही. परत आल्यावर तिने मला जे सांगितलं ते असं. क्लास संपल्यावर तालमी घेणाऱ्या बाई तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ती पोकळ फळ्यांवाली तूच ना? ते पायाला कसं कळतं, दाखव. आणि तिने दाखवलं. टाच कशी आधी हलकी ठेवायची, आवाज खालून कसा येतो, वजन कुठे रोखून धरायचं. त्या बाईंनी ते स्वतः करून बघितलं. दहा मिनिटं दोघी त्या फरशीवर टाचा आपटत होत्या. नोकरी मिळाली नाही, पण त्या दहा मिनिटांत तिथे दोन नर्तकी बोलत होत्या. अर्जदार आणि मालक नव्हते.

मी त्या दिवसापासून कुणाच्या पत्रावर लाल पेन चालवत नाही. प्रश्न विचारते फक्त.

मग पत्रात काय असावं? मी नमुना देणार नाही, कारण दिला की पुढच्या वर्षी माझ्याकडे तोच पन्नास वेळा येईल. पण दोन गोष्टी सांगते.

एक म्हणजे, त्या कंपनीचं एक तरी काम खरंच बघा आणि त्यात काय पाहिलंत ते लिहा. 'आपल्या जगप्रसिद्ध कामाने मी भारावून गेले' असं नको. समजा अक्रम खान यांच्या कंपनीला लिहिताय. लंडनमध्ये वाढलेला, कथक शिकलेला हा माणूस. 'काश' हे 2002 सालचं त्यांचं काम, अनिश कपूर यांचं नेपथ्य, नितीन साहनी यांचं संगीत. तुम्ही स्वतः कथकवाले असाल तर त्यात तुम्हाला जे दिसेल ते लंडनच्या मुलाला दिसणार नाही. कथकमधला उभा, सरळ कणा तिथे जमिनीकडे झुकतो तेव्हा काय होतं? चक्कर तशीच राहते का? तुम्हाला एखादी गोष्ट पटली नाही तर तेही सभ्यपणे लिहा. म्हणजे तुम्ही नीट बघता हे कळतं. या अर्थाने चांगलं कव्हर लेटर ही एक छोटी समीक्षाच असते. फरक एवढाच की समीक्षक बघून घरी जातो आणि तुम्ही म्हणता, यात मला यायचंय, आणि मी आले तर हे असं घेऊन येईन.

दुसरी गोष्ट, 'हे असं' म्हणजे काय ते क्रियापदांत सांगा. 'मी अष्टपैलू आहे' यात क्रियापद 'आहे'. त्यात काही घडत नाही. काय उचलता, काय मोजता, कशावर पडता, कुणाबरोबर किती दिवस काम केलंत, एखादा तुकडा किती दिवसांत बसवलात. आणि जे येत नाही तेही एका वाक्यात. जोडीने उचलण्याचं काम फार केलेलं नसेल तर तसं लिहा. तिथे गेल्यावर पाच मिनिटांत कळणारच आहे.

शेवटी, हे पान लिहिणं नोकरीपुरतं समजू नका. आपल्याकडे नाचावर लिहिणारे थोडे आणि नाचणारे लिहितात ते त्याहून थोडं. रोहिणीताईंसारख्या मोजक्यांनी मराठीत लिहिलं, म्हणून आज ते आपल्या हाताशी आहे. पोकळ फळीचं ज्ञान कुठल्याही ग्रंथात नाही. ते त्या एका पत्रात होतं. मी ते खोडलं होतं आणि तिने परत लिहिलं.



निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझं इंग्रजी कच्चं आहे. व्याकरणाच्या चुका बघून पत्र बाजूला टाकतील का?

उत्तर: पहिला खर्डा मराठीत लिहा, ज्या मराठीत तुम्ही घरी बोलता तिच्यात. मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा आणि कुणाकडून तरी चुका तपासून घ्या. चुका तपासून घ्या म्हणाले, वाक्यं बदलून घेऊ नका. तिकडच्या कंपन्यांत दहा देशांची माणसं असतात, पुष्कळांचं इंग्रजी दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचं. वाचणाऱ्या बाईंचंही कदाचित. साधं वाक्य त्यांनाही सोपं जातं.

प्रश्न: हल्ली एआयला सांगितलं की दोन मिनिटांत उत्तम पत्र मिळतं. मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: (हसून) मी सुरुवातीला वाचलेलं पत्र आठवा. ते तर माणसांनीच लिहिलेलं होतं! साच्यातून लिहायला आपल्याला यंत्र लागत नव्हतं. व्याकरण तपासायला खुशाल वापरा. पण तुमच्या पायाखालची फळी कुठे पोकळ होती हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि ते सांगायला तुम्ही नीट बसलात, की पत्राचं अवघड काम तिथेच झालेलं असतं.

प्रश्न: माझ्या मुलीचे तीन अर्ज नाकारले गेले. ती आता लिहायलाच तयार नाही. मी काय करू?

उत्तर: काकू, तिला लिहायला सांगू नका. तिला एखाद्या संध्याकाळी विचारा, तुझा नाच नेमका कसा आहे गं, मला समजावून सांग. तुम्हाला नाचातलं कळत नसेल तर फारच छान. ती तुम्हाला जे सांगेल ते ऐका, आणि जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चौथं पत्र त्यात असेल. नसेल तरी तुम्हाला तुमच्या मुलीचा नाच कळलेला असेल.